भरलेलं कापड

१

माझी सून फोटोग्राफर आहे. हौस म्हणून नव्हे, धंदा म्हणून. लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो, दुकानांच्या जाहिराती, काय येईल ते घेते आणि वेळेवर देते. मी सुतार. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं हातांनी शिकलो. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट करवतीनं पेरभर नेलं, तेही शिकण्यातच धरतो.

घरामागे माझं वर्कशॉप आहे. सून घरात आली तेव्हा त्याचा अर्धा भाग मी तिला स्टुडिओ करून दिला. मध्ये भिंत घातली. उत्तरेला मोठी खिडकी बसवली, कारण तिला ऊन नको होतं, नुसता उजेड हवा होता. दारही मीच केलं. माझी दारं वाजत नाहीत. कुणी आत आलं तर दिसल्याशिवाय कळत नाही.

पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं, "या छपराखाली एक नियम आहे. दुसऱ्याच्या हातचं काम आपलं म्हणून खपवायचं नाही."

ती म्हणाली, "बाबा, मी येताना कॅमेरा आणलाय. दुसऱ्याचा हात नाही आणला."

उलट उत्तर मला आवडत नाही. हे आवडलं. तसं बोललो मात्र नाही.

एकदा तिच्याकडे एका दुकानाची किटली आली, चकचकीत स्टीलची. सकाळपासून ती त्या किटलीभोवती पांढरे पुठ्ठे उभे करत होती. शेवटी मी म्हटलं, "किटलीच आहे ना? दाब बटण आणि हो मोकळी."

"तिच्या पोटात बघा, बाबा."

बघितलं. किटलीच्या पोटात खिडकी होती, कॅमेरा होता, सून होती, आणि दारात उभा मी होतो. बुटका, फुगलेला.

"चकचकीत वस्तू फोटो काढणाऱ्याचाच फोटो काढते," ती म्हणाली. "त्याला लपवायचं, हे निम्मं काम."

दुपारी फोटो झाला. किटलीत कुणी नव्हतं. आणि किटली अशी होती की कागदाला हात लावला तर पोळेल. मी टोपी घालत असतो, तर काढली असती.

२

किटल्या पोटासाठी. तिची खरी ओढ माणसांच्या चेहऱ्यांकडे. हातानं काम करणारी माणसं, म्हातारी झालेली. त्यांच्यासाठी तिनं जुना, मोठा लाकडी कॅमेरा आणला. पुढे लेन्स, मध्ये हार्मोनियमसारखा भाता, मागे दुधी काच. एक कोपरा निखळला होता. तो मी सांधला. सांधा शोधून दाखवा.

त्या कॅमेऱ्याची रीत सांगितली पाहिजे. पुढचं सगळं त्या रीतीवर आहे.

माणूस खुर्चीत बसला की सून त्याला डोळे मिटायला सांगते. "मी म्हणेन तेव्हाच उघडा. ताजे डोळे हवेत मला." मग अंगठा आणि एक बोट हनुवटीला लावून चेहरा उजेडाकडे फिरवते. अगदी थोडा. "एवढंच," म्हणते. मग कॅमेऱ्यामागे जाऊन काळं कापड डोक्यावर घेते. आत अंधार झाला की दुधी काचेवर समोरचा माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. लेन्स पुढेमागे करून ती फोकस धरते, नेहमी डोळ्यावर. मग बाहेर येऊन काचेच्या जागी फिल्मची पेटी सरकवते. आता मागून काही म्हणजे काही दिसत नाही. कापडाखाली कुणाचं काम उरत नाही. कापड रिकामं लोंबतं. ती कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला उभी राहते, बटणाची वायर धरते, म्हणते, "उघडा." आणि दाबते.

गिऱ्हाईक यायच्या आधी उजेड बघायला खुर्चीत मी बसतो. हलत नाही. आमची ही दारातून डोकावते आणि विचारते, "अहो, जिवंत आहात ना? का लाकडाचेच झालात?" मी तरीही हलत नाही.

फोटो चांगले यायला लागले. सुरुवातीला नुसते चांगले, मग त्याच्याही पुढचे. चष्मे दुरुस्त करणाऱ्याचा चेहरा असा आला होता की तो स्वतः बघून गप्प झाला. म्हणाला, "मी असा विचार करतो होय?" मी आयुष्यभर लाकडाच्या आतले रेषे बघितले. ती माणसाच्या आतले बघते. हे मला मान्य करायला वेळ लागला, पण केलं.

अखेर एका मोठ्या हॉलनं तिला प्रदर्शनासाठी भिंती दिल्या. किती वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती हे तिनं कधी सांगितलं नाही. ज्या दिवशी होकार आला त्या दिवशी तिनं स्टुडिओची फरशी दोनदा पुसली, त्यावरून मला कळलं.

३

प्रदर्शनातला पहिला फोटो माझा ठरला. मला विचारलं नाही. प्रिंट दारापेक्षा थोडी लहान. फ्रेम मी करणार होतो, म्हणून ती माझ्या टेबलावर आडवी ठेवली होती. स्वतःचा एवढा मोठा चेहरा बघणं बरं नव्हे. मी कोपरे मापत होतो, तेव्हा नजर डोळ्यात गेली. डोळा ताटलीएवढा होता.

डोळ्यात खिडकी होती. माझीच. कडीसुद्धा ओळखू येत होती. खिडकीपुढे कॅमेरा. कॅमेऱ्याशेजारी, वायर धरून, सून. किटलीची गोष्ट आठवली आणि हसू आलं.

मग कापड दिसलं.

ते लोंबत नव्हतं. भरलेलं होतं. आत डोकं असलं की वर गोल येतो, खाली खांद्यांचा उतार येतो, तसं.

मी हाक मारली. "सूनबाई, माझा फोटो घेताना तू कापडाखाली होतीस का?"

"कापडाखालून कसा घेईन? ही काय मी इथं उभी आहे."

"मग हे?"

तिनं भिंग आणलं. वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"वाऱ्यानं फुगलं असेल," ती म्हणाली.

"खिडकी बंद दिसते आहे."

"मग मी बाहेर येताना तसंच राहिलं असेल. चुरगळून."

जाड मखमलीचं कापड. ते चुरगळून उभं राहत नाही, हे तिलाही माहीत होतं. पण माणूस आधी सोपं तेच धरतो, मीही धरलं. म्हटलं, असेल. पुढच्या वेळी कापड काढून खिळ्याला टांग, म्हणजे डोक्याला ताप नाही.

"डोक्याला," ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

४

पुढची पाळी इस्त्रीवाल्या मावशींची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं टेबल आहे. तोंडानं फटकळ, हातानं बिनचूक. खुर्चीत बसता बसता सुरू झाल्या.

"आधी माझ्या तोंडावर इस्त्री फिरव गं, मग काढ फोटो. या सुरकुत्या लोकांना दाखवतेस होय?"

"सुरकुत्यांसाठीच बोलावलंय, मावशी. मिटा डोळे."

"मिटले. झोप लागली तर उठवू नकोस. घरी कुणी झोपू देत नाही."

सुनेनं त्यांची हनुवटी फिरवली. "एवढंच." मग ती कापडाखाली गेली. मी बाजूला पांढरा पुठ्ठा धरून उभा होतो. चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला तो थोडा उजेड परतवतो. खोलीत आवाज नव्हता. पलीकडे माझ्या वर्कशॉपात घड्याळ आहे, तेवढं ऐकू येत होतं.

"अगं, एकदा काय ते ठरव की," मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या. "तिकडं वळवतेस, परत इकडं वळवतेस. मान आहे का नळाची तोटी?"

मी कॅमेऱ्याकडे बघितलं. सून कापडाखाली होती. तिचे पाय दिसत होते, कोपरं दिसत होती. खुर्चीपासून चांगली लांब.

मावशींचा चेहरा मात्र मघाशी होता तसा नव्हता. थोडासा खाली झुकला होता. आणि उजेड, जो आधी नुसता गालावर होता, तो आता कपाळापासून गळ्यापर्यंत सरळ ओघळत होता. मला समजतं तेवढं समजतं. पण हा कोन आधीच्यापेक्षा बरा होता.

म्हटलं, बाईची मान आपोआप कलली असेल. म्हातारपणी कलते.

सून बाहेर आली. कापड काढून खिळ्याला टांगलं. मी स्वतः बघितलं. फिल्म घातली. "उघडा." मावशींनी डोळे उघडले, बटण दाबलं, झालं.

जाताना मावशी तिला म्हणाल्या, "हात हलका आहे तुझा. दुसऱ्यांदा तर कळलंसुद्धा नाही."

"दुसऱ्यांदा?" सून म्हणाली.

मावशी तोवर आमच्या हिच्याशी बोलत पुढे गेल्या होत्या.

प्रिंट झाल्यावर सुनेनं मला डार्करूममध्ये बोलावलं नाही. ती प्रिंट घेऊन स्वतः माझ्याकडे आली. भिंगही घेऊन आली. भिंग माझ्या हातात दिलं.

मावशींच्या डोळ्यात खिडकी, सून, कॅमेरा. आणि कॅमेऱ्यावर कापड. भरलेलं.

खिळ्याला टांगलेलं कापड.

५

तिनं सगळे फोटो काढले. वर्कशॉपच्या जमिनीवर मांडले. चष्मेवाला, चांभार, विहिरी खणणारा, शिलाईकाम करणाऱ्या दोघी बहिणी. प्रत्येकाचा डोळा भिंगानं बघितला. मी बाजूला उभा होतो. बघून झालं की ती पुढच्यावर सरकत होती आणि काही बोलत नव्हती. त्यातच मला कळलं.

शेवटी ती जमिनीवरच बसली.

"बाबा, एक सांगू? गेले कित्येक महिने मला वाटत होतं. मी ठेवते त्याहून फोटो चांगला येतो. फोकस एक केसभर चुकलाय अशी शंका असायची आणि फिल्म लख्ख यायची. चेहरा मी बसवलेल्यापेक्षा बरा बसलेला असायचा. मी म्हणायचे, नशीब." तिनं भिंग बाजूला ठेवलं. "नशिबाला डोकं असतं का, बाबा? कापडात मावेल एवढं?"

मी म्हटलं, "घाबरलीस?"

"घाबरले तर आहेच. ते जाऊ दे." तिनं मावशींची प्रिंट उचलली. "हे माझं नाही, असं असेल तर? तुम्हीच सांगितलं होतं. दुसऱ्याच्या हातचं..."

"मी लाकडाबद्दल बोललो होतो."

"नाही. तुम्ही कामाबद्दल बोलला होता."

खरं होतं.

"मी हॉलवाल्यांना नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. "माझं नाव घालून मी हे टांगणार नाही."

मी माझ्या उभ्या आयुष्यात एखाद्या माणसाला स्वतःच्या कामाशी इतकं सरळ वागताना बघितलं नव्हतं. अभिमान वाटला. आणि राग आला, कारण ते फोटो भिंतीवर जायलाच हवे होते. तिचा मांडून ठेवलेला जन्म होता तो.

"आधी खात्री कर," मी म्हटलं. "लाकूड पोखरलंय की नाही, हे छिद्र पाडून बघतात. घर पाडून नाही."

तिनं मावशींची प्रिंट परत जमिनीवर ठेवली. मग म्हणाली, "खुर्चीत मी बसते. फोटो तुम्ही काढा."

"मला येत नाही."

"म्हणूनच. तुमचा फोकस चुकणारच. पहिल्यांदा सगळ्यांचा चुकतो. माझा डोळा धूसर आला, तर कॅमेऱ्यामागे तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. मग बाकीचे फोटो माझे, कापडाचं काय असेल ते असो." तिनं माझ्याकडे बघितलं. "पण लख्ख आला, तर मी एकही टांगणार नाही."

"ठरलं," मी म्हटलं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो. उजेड चांगला होता. आमच्या हिला काही सांगितलं नव्हतं. ती पुढच्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

सुनेनं मला सगळं दाखवलं. लेन्स उघडी कशी ठेवायची, बाजूची चकती कशी फिरवायची, पेटी कशी सरकवायची. मग खुर्चीत जाऊन बसली. तिला तिथं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. बारीक वाटली.

"डोळे मिटते," ती म्हणाली. "माझा नियम मलाही लागू. तुम्ही म्हणाल तेव्हाच उघडेन."

मी कापड डोक्यावर घेतलं.

आत अंधार. मखमलीचा वास, थोडा धुळीचा, थोडा तिच्या केसांच्या तेलाचा. माझाच श्वास मला ऐकू येत होता. दुधी काचेवर हळूहळू खिडकीचा उजेड जमला आणि त्यात सून उलटी दिसायला लागली. खुर्ची वर, डोकं खाली. सगळं धुक्यातलं. मी चकती फिरवली. धुकं थोडं विरलं. अजून फिरवली. कान आला, केस आले. मग डोळ्याची मिटलेली पापणी. मला वाटलं, साधतंय. दोन्ही हात चकतीवर होते, हे मला पक्कं आठवतं, कारण तुटलेल्या बोटानं ती चकती नीट धरता येत नाही आणि मी दोन्ही हातांनी झुंजत होतो.

तेव्हा काचेच्या कडेकडून दोन बोटं आली.

एक अंगठा, एक बोट. उलटी, तिच्यासारखीच. सावकाश आली, घाई नव्हती. तिच्या हनुवटीला लागली. तिचा चेहरा किंचित वर केला, मग खिडकीकडे फिरवला. मग केसभर मागे आणला. तिथं थांबली.

मनगट दिसत नव्हतं. काच तिथं संपत होती.

पहिला विचार आला तो आमच्या हिचा. दार वाजत नाही. आत आली असेल, सुनेचे केस सारखे करत असेल. पण तेवढ्यात अंगणातून हिचा आवाज आला. कुणाच्या तरी कुत्र्याला हाकलत होती.

माझा हात चकतीवर होता, तो तसाच फिरला असावा. काचेवर बाकी सगळं परत धुक्यात गेलं. फक्त हनुवटी आणि ती दोन बोटं स्वच्छ राहिली. नखं कापलेली होती. काम करणाऱ्याची असतात तशी, मुळाशी.

मी कापड फेकलं आणि बाहेर आलो.

खुर्चीत सून एकटी. डोळे मिटलेले. चेहरा वळलेला, खिडकीकडे, मी काचेवर बघितला तसाच. खोलीत कुणी नव्हतं. दार बंद होतं.

आणि हे मी लपवणार नाही. इतका सुंदर बसलेला चेहरा मी त्या खुर्चीत कुणाचा बघितला नव्हता. तिला रोज बघतो. त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

"बाबा," ती म्हणाली, डोळे न उघडता, "हात किती हलका आहे तुमचा. मला वाटलं होतं पॉलिशपेपरासारखा असेल."

मी फिल्मची पेटी हातात घेतली.

"हलू नकोस," मी म्हटलं.

"नाही हलत. अजून धरल्यासारखं वाटतंय."

मी पेटी सरकवली. डाव्या हाताला उभा राहिलो. वायर धरली. कापड जमिनीवर पडलं होतं, तिकडे बघितलं नाही. कॅमेऱ्याकडेही बघितलं नाही.

"उघड," मी म्हटलं. आणि दाबलं.

७

या वेळी तिनं मला डार्करूममध्ये बोलावलं. लाल दिव्याखाली कागद पाण्यातल्यासारखा हलत होता आणि त्यावर तिचा चेहरा वर येत होता. आधी केस, मग डोळे.

डोळे धूसर होते.

ती ओरडलीच. "चुकला! बाबा, चुकला तुमचा फोकस! बघा, सगळा गेला!" एखाद्याचं काम बिघडलं म्हणून इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही. डोळे असे धूसर होते की त्यांत खिडकी नुसता पांढरा डाग होती. तिथं कॅमेरा आहे, मी आहे, कापड आहे की नाही, काही सांगता येत नव्हतं.

"म्हणजे फोकस माझाच असतो," ती म्हणाली. "दरवेळी. माझाच."

"तुझाच," मी म्हटलं.

तिनं प्रिंट धुऊन बाहेर उजेडात आणली. चिमट्याला लावली. तिला आता खाली बघायचं होतं, फोकस नेमका पडला कुठे ते. भिंग घेऊन ती डोळ्यांवरून नाकावर आली, नाकावरून ओठांवर. मग हनुवटीवर.

तिथं थांबली.

फोकस हनुवटीवर पडला होता. कातडीचं छिद्रन् छिद्र दिसत होतं. आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे होते. बारीक. कुणी धरून ठेवलं की पडतात तसे. एका बाजूला अंगठ्याचा, रुंद. दुसऱ्या बाजूला बोटाचा, लांबट, पुरा, टोकापर्यंत.

खळगे होते. बोटं नव्हती.

तिनं भिंग खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता विचारलं.

"बाबा, हनुवटी तुम्हीच फिरवलीत ना?"

पलीकडे माझ्या टेबलावर सगळ्या फ्रेमा तयार होत्या. चष्मेवाला होता, चांभार होता, मावशी होत्या. मी नाही म्हटलं असतं, तर त्यातली एकही भिंतीवर गेली नसती. मी जन्मात दुसऱ्याच्या हातचं काम आपलं म्हटलं नाही. खुर्चीचा एक पाय, एक खुंटीसुद्धा नाही.

"हो," मी म्हटलं. "मीच."

मग तिनं माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. तो मी लपवला नाही. तिच्या टेबलावर होता तसाच ठेवला, पेरभर कमी असलेल्या बोटासकट. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग प्रिंटकडे, मग परत हाताकडे.

"चांगली बसवलीत," ती म्हणाली.

"बसली," मी म्हटलं.

"पुढच्या वेळी फोकस डोळ्यावर धरा."

"पुढची वेळ नाही. माझं सुतारकाम बरं आहे."

तिनं प्रिंट चिमट्यातून काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "हिलाही फ्रेम करा. शेवटच्या भिंतीवर लावू."

८

प्रदर्शनाला माणसं आली ती परत परत आली. सून एका कोपऱ्यात उभी होती, काळी साडी नेसून, हात कुठे ठेवावेत न कळल्यासारखी. लोक तिला भेटायचे, ती मान हलवायची. मी अभिमानानं बघत होतो. हे लिहायला लाज नाही.

शेवटच्या फोटोखाली तिनं चिठ्ठी लावली होती. फोटो कुणी काढला, तिथं माझं नाव. आमची ही त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"जन्मात माझा एक फोटो काढला नाहीत," ती म्हणाली. "सुनेचा काढलात, तोही तिचे डोळे पुसून टाकून."

"तुझा काढायचा तर तू गप्प बसायला हवीस."

"मग राहू दे."

एक गृहस्थ बराच वेळ तिथं उभे होते. नंतर माझ्याकडे आले. म्हणाले, "हा कोन कसा सुचला तुम्हाला?"

सून लांबून बघत होती. मी म्हटलं, "हातानं सुचतं."

कॅमेरा अजून त्याच जागी आहे. सून त्यानंच फोटो काढते. डोळ्यांतली खिडकी ती आता मोठी करून बघत नाही. किटलीतला माणूस लपवते तसं. काम पूर्वीपेक्षा चांगलं आहे, आणि फोकस तिचा आहे.

गिऱ्हाईक यायच्या आधी उजेड बघायला मी अजून खुर्चीत बसतो. ती म्हणते, "डोळे मिटा, बाबा." मी मिटतो. अंगठा आणि बोट हनुवटीला लागतात, चेहरा फिरवतात. कधी एकदा. कधी, थोड्या वेळानं, परत एकदा. तेव्हा तिच्या चपला मला कॅमेऱ्याच्या बाजूला वाजताना ऐकू येतात.

मी डोळे उघडत नाही. ती म्हणेल तेव्हाच उघडायचे, असं ठरलेलं आहे. ती बोटं चेहरा वळवतात तिकडे मी वळवतो आणि हलत नाही.

कोनात कधी चूक नसते.